सोळा मात्रांची कोरी जागा

हिवाळ्यातल्या सकाळी, अंगणातल्या कोवळ्या उन्हात बिरूआबा गायला बसत, तेव्हा आधी जाणवे ते त्यांचं थांबणं. डोळे मिटलेले, उजवा तळवा कानाशी, ओठ किंचित हलणारे. माळेगावच्या साखर कारखान्याच्या बाजूनं गळीत हंगामातला मळीचा आंबूस वास येत राही, आणि सोळा मात्रांची ती नीरवता सरली, की त्यांचा जाडाभरडा, तरीही विलक्षण आर्द्र स्वर ओवीच्या अर्ध्यातूनच उगवे.

सांगवीच्या शिवारात ऊस येण्यापूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आणि मेंढरांमागे हिंडणाऱ्या दोघा भावांच्या ओव्या होत्या. थोरला ओळ सुरू करी. ती विझण्याआधी उचलून पुढे नेणं, म्हणजे झील धरणं, हे धाकट्या बिरूचं काम. थोरले गेले आणि आबांपाशी अर्धंच गाणं उरलं. उभ्या जन्मात त्यांनी एकही ओवी स्वतः सुरू केली नव्हती.

मी बारामतीच्या एका शाळेत संगीत शिकवते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझ्या मामेभावानं संगणकाचं दुकान थाटलं, पुण्याहून स्वरलेखनाची फ्लॉपी आणली, आणि जगातलं प्रत्येक गाणं चौकटीत बसवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. वर स्वर, त्यांच्याखाली शब्दांची अक्षरं, लांबवलेल्या अक्षरापुढे बारीक रेघ. दोन गळ्यांच्या दोन ओळी, एकीखाली एक. सांगवीला जाऊन आबांचं गाणं ऐकलं, त्यांची ओळ भरली. वरची भरावी म्हणून मी त्यांना लाडीगोडी लावून पाहिली: थोरल्यांची ओवी तुम्हाला पाठ आहे, तुम्हीच म्हणा, नाहीतर ती कायमची जाईल. ते मातीत बोटानं रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, “येती की. समदी येती. पर ती त्याची हाय. मी ती म्हनली, तर झील कुनी धरायची?”

मला राग आला, खरं सांगते. हट्टापायी हा माणूस सोन्यासारखं गाणं मातीत घालतो आहे, असं वाटलं. त्याच तिरीमिरीत मी कागद छापले. छापताना रिकाम्या ओळी गाळायची सोय त्या संगणकात होती. ती मी वापरली, मोकळ्या मात्रा मिटवल्या, आबांची अक्षरं एकमेकांना भिडवली. पान कसं सुबक, भरगच्च दिसत होतं.

आबांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी ते पान उन्हात धरलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बोट फिरवलं, आणि मोकळी जागा कुठेच सापडेना तेव्हा माझ्याकडे पाहिलं.

“ह्यात दादा कुठं हाय, बाई?”

मला लाज वाटली. दुकानात परतून मी गाळलेली ओळ पुन्हा आणली, स्वरांविना, शब्दांविना, मोजून सोळा मात्रांची. नवं पान दिलं तेव्हा आबांनी त्या कोऱ्या जागेवर तळहात ठेवला आणि मान हलवली. पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले.

शाळेतल्या मुली ती ओवी अजून म्हणतात. नवी आलेली मुलगी हमखास विचारते, बाई, वरच्या ओळीत काय म्हणायचं? मी सांगते, काही नाही, एवढा वेळ थांबायचं. त्या मनातल्या मनात आकडे मोजतात आणि सोळा झाले की बरोबर गाऊ लागतात. आबा तेवढ्या वेळात दादाची ओवी ऐकत असत. ती ऐकू येणारं आता कुणीच उरलेलं नाही, आणि काळानं माझ्या पानावर तिची लांबी तेवढी ठेवली आहे.