मामांचे वीस

"हे हात जावयाचे," सिस्टर म्हणाल्या.

"कोणाच्या जावयाचे?" मी विचारलं. तक्त्यात तसा रकाना नव्हता.

"तेव्हाच्या डीनच्या. नाहीतर एवढं ऑपरेशन त्याच्याकडे आलं असतं का? बघा, गाठ मारून झाली की हात कसा जरा वर थांबतो. कोणीतरी वा म्हणावं म्हणून."

पडद्यावरचा हात खरोखरच जरा वर थांबला. मी 'शल्यचिकित्सक' या रकान्यात नाव लिहिलं. जावई असल्याचं लिहिलं नाही.

आमचं मेडिकल कॉलेज शंभर वर्षांचं झालं, तेव्हा शताब्दी समितीतल्या कोणाला तरी आठवलं की ग्रंथालयाच्या तळघरात एक कपाट आहे आणि त्यात ऑपरेशनच्या जुन्या फिल्म आहेत. मी तिथला सहायक ग्रंथपाल. कपाट उघडलं तेव्हा दोनशे अकरा डबे निघाले आणि भपकन आंबूस वास आला. जुनी फिल्म कुजायला लागली की व्हिनेगरसारखा वास सुटतो, हे मला तेव्हा समजलं. त्याआधी वीस वर्षं तो वास मी वाचकांचा समजत होतो.

फिल्म स्कॅन करायला एका एजन्सीची बाई मशीन घेऊन आली. प्रश्न निघाला तो कोणत्या फिल्ममध्ये कोण आहे, हे लिहायच्या तक्त्याचा. ऑपरेशनच्या फिल्ममध्ये माणूस ओळखायचा कसा? टोपी, मास्क, पायघोळ झगा. दरोडा घालायला निघालेली माणसंसुद्धा इतकी काळजी घेत नाहीत. म्हणून समितीने तीन निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं. तिघांनीही एकाच फिल्ममधले हात आपले म्हणून सांगितलं. त्यातले एक त्वचारोगाचे होते.

मग कोणीतरी म्हणालं, थिएटर सिस्टरना विचारा.

सिस्टर सत्त्याहत्तर वर्षांच्या. एकतीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये हत्यारं हातात देण्याचं आणि वापरलेली प्रत्येक वस्तू मोजून घेण्याचं काम केलं. त्यामुळे मागून सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासाठी गादीची खुर्ची मांडली, तर त्यांनी ती बाजूला सारून बिनपाठीचं स्टूल ओढलं.

"चेहरे मी कधी बघितलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्यापुढे नुसता तळहात यायचा. तळहात आला की कळायचं, कात्री मागणारा आहे की चिमटा, आणि घरी भांडून आलाय की जेवून."

"आजी, तुम्ही भारीच आहात!" स्कॅनरबाई म्हणाली.

"आजी घरी. इथे सिस्टर."

अकरा दिवसांत त्यांनी एकशे साठ डब्यांतले हात ओळखले. करंगळी वर धरणारा, टाका घालताना पोत्याचं तोंड शिवल्यासारखा जोर लावणारा, आणि एक, ज्याचे हात फार सुंदर होते. "हात सोन्याचे," सिस्टर म्हणाल्या, "जीभ मात्र ऑपरेशन करूनही सुधारली नसती." त्यांच्याकडे बघून मला मनातून जरा लाज वाटायची. मी वीस वर्षं पुस्तकांत काढली आणि मला पाठीवरचं नाव वाचल्याशिवाय एकही पुस्तक ओळखता येत नाही.

बाराव्या दिवशी त्या आल्या त्या स्टुलावर बसल्याच नाहीत.

"एकशे सात नंबरचा डबा कधी लावणार?"

"तो वगळलाय, सिस्टर. डब्यावरच लिहिलंय: 'खराब. दाखवू नये.'"

"अक्षर कोणाचं आहे?"

मी डबा आणला. त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं, "मोठ्या सरांचं."

मोठे सर म्हणजे ज्यांचा पुतळा आमच्या पोर्चमध्ये आहे ते. पुतळ्याचे हात मागे बांधलेले आहेत. सिस्टरच्या मते शिल्पकाराने ही एकच गोष्ट सोपी करून घेतली.

"फिल्म चांगली आहे," त्या म्हणाल्या. "चावीवाल्याने काढलेली फिल्म खराब निघणं शक्य नाही."

चावीवाला म्हणजे हॉस्पिटलचा फोटोग्राफर. कॅमेऱ्याला घड्याळासारखी चावी द्यावी लागे, ती मिनिटभरात उतरे, की तो पुन्हा पिळे. सबंध नोकरी त्याने एका स्टुलावर उभं राहून चावी पिळत काढली. फिल्म चांगली असेल तर मोठ्या सरांनी 'खराब' का लिहावं, हे मी विचारलं. तेव्हा सिस्टर बसल्या.

"मॉप माहीत आहेत?"

मला फरशी पुसायचेच माहीत होते.

"पोट उघडलं की रक्त टिपायला कापडाच्या जाड घड्या घालतात. हातरुमालाएवढ्या. प्रत्येकीला कोपऱ्यात एक नाडी शिवलेली असते. ऑपरेशनच्या आधी किती काढले ते मी मोजायचे. वापरून बाहेर आलेले मामा स्टँडच्या आकड्यांवर टांगायचा, ओळीने पाच-पाच. दोघांचा हिशेब जुळला की मी सरांना सांगायचे, 'पूर्ण.' मग पोट शिवायचं."

मामा थिएटरचा अटेंडंट. एका ऑपरेशनला सिस्टरनी वीस मॉप मोजून काढले, मामांनी वीस टांगले, सिस्टर 'पूर्ण' म्हणाल्या. नवव्या दिवशी पेशंटचं पोट फुगलं. पुन्हा उघडलं, तर आत एक मॉप. पेशंट वाचला, तो बेकरीवाला होता आणि पुढे तीस वर्षं पाव विकत होता. पण वीसातून वीस वजा केल्यावर एक कसा उरला, हे शोधायला तिघांची चौकशी समिती नेमली गेली.

"मला विचारलं, तुमची मोजणी किती? मी म्हटलं, वीस. मामाला विचारलं, तो म्हणाला, वीसच टांगले. दोघांपैकी एकाचं खोटं धरायचं, तर कोणाचं धरतील?"

समितीने लिहिलं: 'अटेंडंटने एक मॉप फाडून दोन आकड्यांवर टांगला असावा.' त्या 'असावा'वर मामांची बदली लाँड्रीत झाली. पुढची एकोणीस वर्षं ते तिथेच होते. त्या ऑपरेशनची फिल्म धुऊन आली सहा आठवड्यांनी. तोवर चौकशी संपली होती आणि संपलेली चौकशी पुन्हा उघडायला पोटापेक्षा जास्त त्रास पडतो. मोठ्या सरांनी डब्यावर शेरा मारला आणि कपाटाला कुलूप घातलं.

"एवढ्यावरच थांबलं असतं तर मी विसरले असते," सिस्टर म्हणाल्या. "पण मॉप धुवायचे कुठे? लाँड्रीत. रोज सकाळी मामाने धुतलेले गठ्ठे थिएटरात यायचे. दहा-दहाचे. वर चिठ्ठी, त्याच्या हातची: 'दहा.' मी रोज मोजायचे. एकोणीस वर्षं दहाच. एकदा तरी चुकावा म्हणून वाट बघायचे हो मी. म्हणजे मला बरं वाटलं असतं."

"मग आता हे कशाला उकरायचं?" स्कॅनरबाई म्हणाली. "समजा तुमचीच चूक निघाली तर?"

"तेच बघायचंय. मला सत्त्याहत्तर झाली. न बघता गेले तर तिकडे मामा भेटेल."

स्कॅनरबाईने फिल्म चढवली.

रंग असे होते की जणू काल काढलेली. मोठ्या सरांना फिल्मची सुरुवात तयारीपासून हवी असे, म्हणून पहिलंच दृश्य ट्रेचं होतं. हिरव्या कापडावर दोन हात, ग्लोव्ह्ज घातलेले. एका गठ्ठ्याचा दोरा सोडून ते एकेक मॉप उचलून ट्रेवर ठेवत होते. घाई नाही, थांबणं नाही. सिस्टरच्या मांडीवर त्यांची बोटं त्याच लयीत हलत होती.

"पहिला गठ्ठा ठीक," त्या म्हणाल्या. दुसरा सुरू झाला. एक, दोन, तीन, चार.

"थांबवा."

चित्र थांबलं.

"मागे घ्या. अजून जरा. हां."

मी बघितलं. एक हात, एक मॉप. मला काहीच दिसलं नाही. स्कॅनरबाईलाही दिसलं नाही, आणि ती दिवसभर असल्याच गोष्टी बघते.

"नाड्या मोजा," सिस्टर म्हणाल्या.

त्या एका मॉपखाली दोन नाड्या लोंबत होत्या.

वाफेच्या डब्यातून निघताना दोन मॉप एकमेकांना चिकटले होते. हाताने ते एकच म्हणून उचलले, एकच म्हणून ठेवले, आणि तो पाचव्याकडे वळला. दहाच्या गठ्ठ्यात अकरा होते. वीस मोजले गेले ते एकवीस होते. मामांनी टांगले ते वीसच.

मी म्हणालो, "सिस्टर, गठ्ठा बांधणाऱ्याची चूक. अकरा घातलेच कसे?"

"बांधणारी चुकली असेल. मोजणारी मी होते." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "लिहा. शेऱ्याच्या रकान्यात."

"अहो, हे आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं. जगात कोणाला कळणार नाही."

"मला कळलं ना. लिहा: 'दुसऱ्या गठ्ठ्यातील चौथा मॉप जोड होता. मोजणीतील चूक थिएटर सिस्टरची. अटेंडंटची मोजणी बरोबर होती.'"

मी लिहिलं. सरकारी नोकरीत मी हजारो शेरे वाचले आहेत. सगळे दुसऱ्याविषयी असतात. स्वतःविरुद्ध शेरा, तोही तोंडी सांगून, शब्द नीट तोलून लिहून घेणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

नेमके तेव्हाच डीन आत आले. शताब्दीच्या उद्घाटनाला दाखवायला त्यांना मोठ्या सरांची एक फिल्म हवी होती. पडद्यावरचे रंग बघून ते खूश झाले आणि शेरा वाचून खुशी मावळली.

"सिस्टर, अडतीस वर्षं झाली. आता उगाच कशाला? 'प्रत उत्तम' एवढं लिहिलं तरी पुरे."

"साहेब, मामाच्या फाइलमध्ये एक ओळ आहे. ती खोडता येईल?"

"फाइल?" डीननी माझ्याकडे बघितलं.

"निवृत्तीनंतर दहा वर्षांनी नष्ट करतात," मी म्हणालो. "नियम आहे."

"बघा, म्हणजे ती ओळही नाही आता," डीन म्हणाले. "प्रश्नच मिटला."

"मिटला कसा? तो गेल्या वर्षी गेला. मी भेटायला गेले होते. मुलीने ओळख करून दिली, 'बाबा, सिस्टर आल्यात.' तर अंथरुणातून म्हणतो, 'सिस्टर, मी वीसच टांगले होते.' मी म्हटलं, हो रे बाबा, हो. पोराला म्हणतात तसं." सिस्टरचा आवाज चढला नव्हता, थिएटरात चढवायची सवय नव्हती. "फाइल जाळलीत, ठीक. मग ही एक ओळ तरी राहू द्या. नाहीतर माझी उरलेली एकशे साठ नावंही खोडा. जिला दोन नाड्या दिसल्या नाहीत, तिच्या ओळखीवर विश्वास कशाला ठेवता?"

डीन हुशार आहेत. एकशे साठ डबे पुन्हा त्या तीन प्राध्यापकांना दाखवावे लागतील, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. "राहू द्या ओळ," ते म्हणाले, आणि उद्घाटनासाठी जावयाची फिल्म मागून निघून गेले.

सिस्टरनी पिशवी उचलली. "मामाच्या मुलीला या ओळीची प्रत मिळेल? शिक्का मारून?"

"मिळेल."

"सिस्टर, फिल्म अजून बाकी आहे," स्कॅनरबाई म्हणाली. "शेवटचा तुकडा."

ऑपरेशन संपलं होतं. टेबल रिकामं होतं. रीळ बाहेर काढण्याआधी उरलेली फिल्म संपवावी लागे, म्हणून चावीवाल्याने कॅमेरा चालू ठेवून स्टुलावर ठेवला असणार. चौकटीत नुसता स्टँड होता आणि आकड्यांवर लालभडक मॉप. मग बाजूने एक बुटका माणूस आला. मास्क गळ्यात ओढलेला. बारा दिवसांत पडद्यावर दिसलेला तो पहिला चेहरा. त्याने इकडेतिकडे बघितलं. खोलीत कोणी नव्हतं. मोजणी होऊन गेली होती, 'पूर्ण' म्हणून झालं होतं, पोट शिवून झालं होतं. तरी त्याने एकेक मॉप आकड्यावरून काढून, उलगडून, दोन्ही बाजूंनी बघून बादलीत टाकायला सुरुवात केली. ओठ हलत होते.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या.

"एक," त्या त्याच्या ओठांबरोबर म्हणाल्या. "दोन. तीन."

स्कॅनरबाईने मशीनवरचा हात काढून घेतला. पहिली ओळ रिकामी झाली, दुसरी, तिसरी. सोळाव्याला मामांनी हात वर नेला, मॉप आकड्यावरून सुटला, आणि कॅमेऱ्याची चावी उतरली.

पडदा पांढरा झाला. फिल्मचं टोक मशीनमध्ये फटफट आपटत राहिलं. कोणी ते बंद केलं नाही.

"सतरा," सिस्टर पांढऱ्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "अठरा. एकोणीस." आणि जरा थांबून, "वीस. पूर्ण."