एकशे चारच्या आत

पाऊस थांबून अर्धा तास झाला होता, तरी नांदेडच्या धावपट्टीवर पाणी साचलेले होते.

"सुकून राहिली की, पोरी. कोरडा आकडा घे," कॅप्टन देविदास म्हणाले.

"डबकी दिसायलीत, काका. ओला घेऊ."

"लई भित्री हायस. घे ओलाच."

सहवैमानिक वर्षाराणीने निर्णयगती एकशे चार नॉट ठरवली. त्या गतीच्या आत काही बिघडले तर विमान थांबवायचे. तिच्यापुढे थांबायला धावपट्टी पुरत नाही, म्हणून उडायचेच. ओल्या पट्टीवर ब्रेक कमी धरतात, म्हणून हा आकडा कोरड्यापेक्षा लहान. हे तिला लातूरच्या प्रशिक्षणतळावर देविदासांनीच शिकवले होते. शिरूर अनंतपाळला दोघांची घरे एकाच गल्लीत.

नेहमीप्रमाणे ते म्हणाले, "एकशे चारच्या आत तू स्टॉप म्हटलीस की मी थांबणार."

विमान धावू लागले. अठ्ठ्याण्णव नॉटला डाव्या इंजिनाच्या तेलदाबाचा इशारा पेटला.

"स्टॉप!"

तिने डावीकडे पाहिले. थांबायचे झाले तर इंजिनांची शक्ती लगेच कमी करता यावी, म्हणून निर्णयगती येईपर्यंत कॅप्टनचा एक हात पॉवर लिव्हरवर असावा लागतो. देविदासांचे दोन्ही हात सुकाणूवर होते. विमान उडाले.

एका इंजिनावर ते नांदेडलाच परत उतरले. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिने विचारले, "हात आधीच का काढला?"

"मागं एकदा थांबलो होतो. टायर फुटले, सहा महिने घरी बसवलं. तवापासून थांबत न्हाई."

"म्हणजे दरवेळी?"

"हाव."

"मग तो आकडा आपण कशाला काढतो?"

"तुला बरं वाटावं म्हणून." ते जवळ सरकले. "आत सांग, स्टॉप म्हणायला उशीर झाला. नवी हायस, तुला कोण बोलणार न्हाई. न्हाईतर माझं लायसन जाईल."

ती बाकावरून उठली. प्रत्येक उड्डाणाआधी त्यांनी तोच शब्द दिला होता. त्याची कसोटी कधी लागली नव्हती आणि कसोटी न लागणे यालाच तिने पुरावा मानले होते.

आत अधिकाऱ्याने विचारले, "तुम्ही स्टॉप म्हणालात तेव्हा गती किती होती?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग कॅप्टन थांबले का नाहीत?"

"ते थांबणारच नव्हते. आजच नाही, कधीच."

अधिकाऱ्याने लिहिणे थांबवले. "तुमच्या नात्यातले आहेत ना ते?"

"गावचे आहेत," वर्षाराणी म्हणाली.