समोरचा काठ

आक्कानं पदराच्या गाठीतलं नाणं सोडवलं आणि दत्तोपंतांच्या टेबलावर टाकलं, हाताला चटका बसावा तसं. गडमुडशिंगीपासून मंगळवार पेठेपर्यंत रिक्षात ती गाठ मुठीत आवळून बसली होती. शेजारी तिची सून क्रांती अंग चोरून बसली.

नवरात्रात घट क्रांतीनंच बसवला होता. सासरचा पहिला घट. कलशात पाणी, सुपारी, हळकुंड आणि हा एक रुपया, डब्यातनं हाताला लागला तसा घातलेला. दसऱ्याला कलश रिकामा करताना आक्काला दिसलं, रुपयाचा काठ चंद्रकोरीएवढा खाल्लेला. दिवाळी सरली न सरली तोच क्रांतीचं मूल पोटातच गेलं. तेव्हापासून घरात एकच बोल, देवीपुढं खंडित नाणं ठेवलं, देवीनं कूस खंडित केली.

"सांगा पंत, कुणी कापलंय का मुळातच असं हाय?" आक्का म्हणाली. "कापलेलं असलं तर ते खंडित. बघून घालायला हिला डोळं नव्हतं व्हय?"

मुळातलं असू दे गं आई, क्रांतीनं मनातल्या मनात देवीला हात जोडले.

नाण्यांत आयुष्य घालवलेल्या दत्तोपंतांनी भिंग लावलं. "काप नाही बघायचा, आक्का. त्याच्या समोरचा काठ बघायचा. नंतर कुणी कापलं तर समोरचा काठ धडधाकट राहतो. इथं बघा, पुसट आहे. ठसा मारायच्या आधीची कोरी चकतीच अपुरी निघाली, म्हणून तिचा काठ दाबून उचलताना खाल्लेल्या बाजूनं जोर मिळाला नाही. टाकसाळीतली चूक. नंतर कुणी हात लावलेला नाही."

क्रांतीनं महिनाभर कोंडलेला श्वास सोडला.

"म्हंजे ठसा उमटायच्या आधीच अपुरं," आक्का हळू म्हणाली. तिची नजर नाण्यावरून उठली आणि सुनेच्या पोटावर येऊन बसली. "खोट मुळातच."

"अहो, मी रुपयाचं बोलतोय!"

"मी बी त्येच बोलते की."

निकाल बाजूनं लागला, तरी आरोपी तीच.

"आक्का," ती म्हणाली, "रुपयाचं पंतांना कळतंय. माझं बाळ का गेलं ते डाक्टरलाबी सांगता आलं न्हाय. तुमी कशाला ठरवताय?"

आक्का चवताळून उठेल असं वाटलं. पण ती पदराचं रिकामं टोक चाचपत राहिली.

"बाळासाठी कुंची शिवून ठेवलीया मी," ती म्हणाली. "हिरवी. कुणाला तरी बोल लावल्याबिगर मला ती बघवत न्हाय गं."

कुंचीचं क्रांतीला आजच कळत होतं. सासूचा हात धरावा की झिडकारावा, तिला काहीच उमगेना.