चवन्नीच्या वजनाखाली

मी बोलतेय, एक छोटी तबकडी. एका बाजूला एक भावगीत, दुसऱ्या बाजूला कुणी कधी न ऐकलेलं दुसरं. ज्या वर्षी निघाले त्या वर्षी काही खपले नाही. जबलपूरच्या नीलकंठरावांनी नागपूरहून मला नेपियर टाउनच्या घरी आणलं, म्हणून वाचले.

नीलकंठराव तोफांच्या कारखान्यातून पाचला सुटायचे. चहा टाकला की मला प्लेअरवर लावायचे. सुई उडते म्हणून त्यांनी सुईच्या दांड्यावर एक चवन्नी चिकटवली. असल्या वजनानं तबकडी झिजते हो, पण मला विचारतो कोण? गाणं संपलं की स्वयंपाकघरातून लतिकाबाई म्हणायच्या, "अच्छा, अजून एकदा." हे म्हणायचे, "लावतो." चाळीस वर्षं, रोज.

मग लतिकाबाई गेल्या. पुढे पहिल्यांदा मला लावलं, तेव्हा गाणं संपलं, सुई कोऱ्या भागात खरखरली आणि माझ्यातून आवाज आला, "अच्छा, अजून एकदा." खरं सांगते, मीच दचकले. वजनानं आवाज झिजतो हे ठाऊक होतं. उमटतोही, हे त्या दिवशी कळलं. नीलकंठराव घाबरले नाहीत. "लावतो," म्हणाले आणि डोळे पुसले.

पुढे मुंबईच्या एका कंपनीनं जुनी गाणी पुन्हा काढायला घेतली. माझ्या गाण्याची मूळ टेप हरवली होती. नात प्रणोतीनं हौसेनं मला पाठवलं. तिथल्या हलक्या सुईनं माझ्यातलं सगळं उचललं. महिन्याभरात गाणं लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढलं.

"आजोबा, ये देखो, तीन नंबरवर आलं."

"काहून?"

"लोक परत परत लावून राहिले."

जाणकारांनी लिहिलं, लोकांना जुने दिवस हवेसे वाटतात. वाटत असतील बापडे. गाणं संपल्यावर घराघरांत एक बाई हळूच काय म्हणते, ते कुणी लिहिलं नाही.

मी परत आले तेव्हा माझा शेवट कोरा होता. नीलकंठरावांनी चारदा लावून पाहिलं, चवन्नी बोटानं दाबली. नुसती खरखर. प्रणोतीनं मोबाइलवर लावलं, तर तिथे ती होतीच.

"आता सगळ्यांनाच म्हणून राहिली," ते म्हणाले. फार लागलं त्यांना.

तरी रोज पाचला मलाच लावायचे. शेवटी कान देऊन बसायचे आणि कुणी न म्हणताच "लावतो" म्हणायचे. दिवाळीनंतर एके दिवशी तसंच म्हणाले आणि खुर्चीतून उठलेच नाहीत.

चौदाव्या दिवशी प्रणोतीनं मला लावलं. गाणं संपलं आणि माझ्यातून आजोबा म्हणाले, "लावतो." पोरगी पांढरीफटक पडली. थोड्या वेळानं तिनं मोबाइल माझ्याशेजारी ठेवला, दोन्हीकडे गाणं एकदम सुरू केलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

मोबाइलमधून आलं, "अच्छा, अजून एकदा."

माझ्यातून, "लावतो."

सुईचा दांडा आपोआप उचलला गेला आणि गाण्याच्या सुरुवातीला येऊन टेकला.

आज गाणं पहिल्या नंबरवर आहे. आवाज आणखी स्वच्छ करायचा म्हणून कंपनीनं मला पुन्हा मागितलंय. या वेळी नीलकंठरावांनाही उचलून नेतील. पोरी, मला पाठवू नकोस गं. पाच वाजत आलेत, गॅसवर चहा ठेव. आणि ती चवन्नी तेवढी काढू नकोस.