पट्टी ठेवून फोटो टाका

“रोहिदास, दोन तास ग्रुप बंद ठेव,” पीटर सर म्हणाले. “फक्त माझा मेसेज राहू दे. ज्याला दबोरा दिसंल त्यानं सरळ तुला फोन करावा.”

शिरूरच्या बसस्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सर काउंटर धरून उभे होते. सायकल हाणत आल्यामुळे सदरा पाठीला चिकटला होता. दबोराबाई म्हणजे त्यांची बायको. तीस वर्षं नर्स होत्या. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडायला लागला होता. आपण रिटायर झालोय हेच विसरून त्या अधूनमधून ड्युटीवर निघायच्या, आणि सर त्यांना गल्लीच्या तोंडाशी गाठून परत आणायचे. आज सर दूध आणायला गेले तेवढ्यात त्या निघून गेल्या होत्या.

“कवा गेल्या?” मी विचारलं. हातातला स्क्रू-ड्रायव्हर मी खाली ठेवला नव्हता, तेही सांगून टाकतो.

“आठच्या सुमाराला. हिरवं पातळ हाय. पायात निळ्या पट्ट्याची चप्पल.”

“मिळत्याल की सर. ग्रुप बंद करून कसं चालंल? नऊशे माणसं हायेत तिथं. टाका तुम्ही मेसेज.”

ग्रुप म्हणजे ‘शिरूर-दौंड वादविवाद कट्टा’. ॲडमिन मी. लग्नकार्यात अनोळखी माणसं “ॲडमिनसाहेब” म्हणून हात मिळवतात, एवढंच माझं या जगात नाव. ग्रुपचा मोलाचा सदस्य कोण, असं मला विचाराल तर शिव्या देणारा नव्हे. तो दोन दिवसांत दमतो. हो ला हो करणारा तर मुळीच नव्हे. मोलाचा तो, जो कुठलीही थाप मनावर घेऊन तपासायला जातो. असा माणूस माझ्याकडे एकच होता.

सर शाळेत प्रयोगशाळेचे सहायक होते. निवृत्त होताना शाळेतली लाकडी फूटपट्टी मागून घेतली होती. ग्रुपवर काही आलं की आधी जागेवर जायचं, वस्तूशेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा आणि खाली तीन ओळी लिहायच्या: काय दिसलं, काय दिसलं नाही, माझं कुठं चुकलं असेल. ग्रुप थंड पडला की मी एखादी पुडी सोडायचो. पाटसजवळच्या ओढ्यावरच्या पुलाला भेग पडली म्हणून मीच लिहिलं होतं. सर एसटीने जाऊन आले. भेग नव्हती, डांबराचा ओघळ होता, लांबी चार इंच. त्यावर तीनशे मेसेज पडले. पोरं त्यांना पट्टीसर म्हणायची.

वर्धापनदिनाला आम्ही त्यांना ‘कट्ट्याचा मोलाचा सदस्य’ म्हणून शाल दिली. मागच्या रांगेत सगळे तोंड दाबून हसत होते. सर म्हणाले, “इथं मी चुकलो तर लोक सांगतात. म्हणून येतो.” आणि शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली.

पंधरा दिवसांपूर्वी सणसवाडीतून मुलगी पळवल्याची पुडी मी सोडली. परगावच्या भाडेकरूंना धरून मारायची भाषा सुरू झाली. सर खोल्या-खोल्या फिरून आले. अशी कुठली मुलगीच नव्हती. तेव्हा त्यांनी ग्रुपवर नियम लिहिला: “ताजा फोटो आणि खात्रीचा साक्षीदार नसेल तर हरवल्याच्या मेसेजवर विश्वास ठेवू नका.”

आता साडेनऊला त्यांचा स्वतःचा मेसेज पडला. फोटो चाळीस वर्षांपूर्वीचा, पांढऱ्या टोपीतला. दबोराबाई कॅमेरा दिसला की तोंड फिरवायच्या, त्यामुळे दुसरा नव्हताच.

पहिलं उत्तर भारतचं. तो कंपनीत सुपरवायझर आहे, मोठा वादपटू. “सर, फोटो ताजा न्हाई. नियम तुमचाच.”

“साक्षीदार कुठाय?”

“ॲडमिनची नवी पुडी हाय, फसू नका.”

“पट्टी ठेवून फोटो टाका!”

मग हेच वाक्य प्रत्येक जण लिहायला लागला. सर गल्लोगल्ली सायकल फिरवत होते आणि पाय टेकवून उत्तरंही देत होते. “भारत, नियम माझाच आहे. ताजा फोटो नाही, ही माझी चूक. पण बाई खरंच हरवली आहे.” मी ‘हे खरं आहे’ एवढं लिहिलं असतं तर सगळं थांबलं असतं. लिहिलं नाही. चारशे मेसेज झाले होते आणि मला मजा येत होती. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं, पण सापडलं नाही.

अकरा चाळीसला तळेगाव ढमढेऱ्याच्या ज्ञानेश्वरीबाईंनी लिहिलं. त्या जीपथांब्यावर फुलं विकतात. “इथं एक आजी हायेत. शिरूरच्या जीपमधून उतरल्यात. हिरवं लुगडं. ड्युटीवर जायचंय म्हनत्यात. कुनाच्या हायेत का?”

मला वाटलं, बाईपण मस्करीत उतरली. मी त्याला हसरा चेहरा चिकटवला. माझं बघून चाळीस जणांनी चिकटवला. पाच मिनिटांत तो मेसेज खाली गाडला गेला.

सरांनी तो सव्वादोनला वाचला आणि ते पळतच दुकानात आले. मी गाडी काढली. वाटेत ते एकदाच बोलले. “नियम बरोबर व्हता, रोहिदास. मी दुसऱ्याच्या बायकोबद्दल असंच म्हनलं असतं.”

थांब्यावर आजी नव्हत्या. बाजार भरला होता. ज्ञानेश्वरीबाई हार ओवता ओवता थांबल्या.

“मी सावलीत बसवलं व्हतं त्यास्नी. पानी पाजलं. ग्रुपवर टाकलं तर तुमीच हसलात. मला वाटलं, हितल्याच कुनाच्या तरी असतील, म्हाईत असंल सगळ्यास्नी.” त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. “दवाखाना कुठं म्हनून इचारत कालव्याच्या अंगाला गेल्या. मी गिऱ्हाईकात व्हते.”

कालव्याला उन्हाळी पाणी सोडलेलं होतं, काठोकाठ. चप्पल संध्याकाळी पाचला सापडली, एकच. दबोराबाई दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या गेटला सापडल्या.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी सरांचा मेसेज आला. फोटो होता: कालव्याचा सिमेंटचा काठ, त्यावर निळ्या पट्ट्याची चप्पल आणि शेजारी लाकडी फूटपट्टी. खाली तीन ओळी.

“काय दिसलं: एक चप्पल, डाव्या पायाची.

काय दिसलं नाही: दबोरा पाण्यात पडली की आपणहून उतरली.

माझं कुठं चुकलं: ज्ञानेश्वरीताईंचा अकरा चाळीसचा मेसेज मी सव्वादोनला वाचला. तो खरा होता. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, म्हणून त्यांची माफी मागतो.”

जोडलेल्या हातांची रांग लागली. भारतने सगळ्यांत आधी जोडले. मी वर सरकत सरकत अकरा चाळीसपर्यंत गेलो आणि माझा हसरा चेहरा काढून टाकला. बाकीचे चाळीस तसेच होते. मग मी ग्रुप बंद केला, दोन तासांसाठी.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. चप्पल पट्टीवर साडेआठ इंच भरत होती.