सुंठीचं अंगण

महाडला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर अक्षदा आणि सुनील राहायचे, आणि त्यांच्याबरोबर सुंठी. सुंठी म्हणजे सशीण. अक्षदाचा दुसऱ्या खेपेचाही गर्भ टिकला नाही, त्या वर्षी सुनीलने सुंठीला पनवेलहून खोक्यात घालून आणलं होतं. तेव्हा ती मुठीएवढी होती, आणि रंगाने थेट सुंठेसारखी. अक्षदाने तिला पिंजऱ्यात कधी ठेवलंच नाही. ती घरी ब्लाउज शिवायची. ती मशीनवर बसली की सुंठी तिच्या पायाशी अंग सोडून पसरायची.

एक गोष्ट मात्र अक्षदाने पहिल्यापासून ठरवली होती. सुंठीला दाराबाहेर न्यायचं नाही. खाली बोके होते, कुत्री होती, वर घारी होत्या. गवतावर कुणी काय फवारलंय ते कळत नाही. घरात वाढलेल्या सशाला ऊन सोसत नाही, गोचीड लागते. हे सगळं तिने वाचलं होतं, आणि एवढ्या वर्षांत सुंठीला साधी सर्दीही झाली नव्हती.

मग सुनीलचे वडील येसाजी, म्हणजे आबा, राहायला आले. ते पोलादपूरजवळ कापडे गावी शेती करायचे, बायको ठमाबाई गेल्यापासून एकटेच असायचे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सुनीलने त्यांना पावसाळाभर महाडलाच ठेवून घेतलं. पहिले काही दिवस त्यांना सुंठीचं हसू यायचं. ससा म्हणजे भात कापताना पायाजवळून उडी मारून पळणारं जनावर, एवढंच त्यांना माहीत. घरात गादीवर बसणारा ससा त्यांनी पाहिला नव्हता. पण सुनील कामाच्या पाळीवर गेला आणि अक्षदा मशीनवर बसली की घरात बोलायला दुसरं कुणी नसे. ते कोथिंबिरीच्या काड्या एकेक करून सुंठीला भरवू लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून काठी टेकत ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात, आणि सुंठी त्यांच्या मागून टुणटुण जायची.

एक दिवस सुंठी लादीवर पुढच्या पायांनी उकरत होती. बराच वेळ उकरत राहिली. आबा ते पाहत बसले होते.

"माती शोधतेय गो ती," ते म्हणाले. "जन्मात पायाला लागली नाय, तरी तिला ठाव हाय."

अक्षदाने त्यांना नीट समजावलं. घारीचं सांगितलं, बोक्यांचं सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. पुन्हा तो विषयही काढला नाही.

विषय निघाला तो सुंठीच्या पायांमुळे. पावसाळा सरता सरता तिच्या मागच्या तळपायांचे केस झडले आणि तिथे लाल चट्टे उठले. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, हे गुळगुळीत लादीमुळे. वजनही वाढलंय. जाड चटया घाला, आणि जमलं तर मातीवर, गवतावर पळू द्या. अक्षदाने आपली सगळी भीती त्यांना बोलून दाखवली. ते म्हणाले, भीती बरोबर आहे, मोकळं सोडू नका. चांगलं कुंपण करा, वरून झाका, सावली ठेवा आणि कुणीतरी जवळ बसा.

अक्षदा आठवडाभर विचार करत होती. शेवटी तीच आबांना म्हणाली, "फटाक्यांचे दिवस संपले की कापड्याला जाऊ. तिला अंगण करून द्याल?"

आबांनी केलं. अजून नीट मांडी घालता येत नव्हती, तरी पाय लांब करून बसून केलं. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी नवी आणली, ती वीतभर जमिनीत गाडली, म्हणजे खालून कुणाला उकरता येणार नाही. वरून जाळं ताणलं. एका कोपऱ्यात नारळाच्या झापाची सावली केली. खुंट हलवून हलवून पाहिले. अक्षदाला बोलावून म्हणाले, तूही हलवून बघ.

सुंठीला आत सोडलं तेव्हा ती जागच्या जागी गोठून बसली. कान मागे, डोळे मोठे. अक्षदा तिला उचलायला वाकणार इतक्यात तिने एक पाय मातीत घातला. मग दुसरा. मग ती अशी उकरायला लागली की माती आबांच्या धोतरावर उडाली. आणि मग ती हवेत उडाली, अंगाला पीळ देऊन, पुन्हा पुन्हा, कडेकडेने पळत. महाडच्या दोन खोल्यांत तिने अशी उडी कधी मारली नव्हती. अक्षदा हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते आबांनी पाहिलं.

सुनील कामाला महाडला परतला. अक्षदा राहिली. रोज सकाळी दव वाळलं की सुंठी अंगणात, आणि आबा खुर्ची टाकून शेजारी. तळपायांचे चट्टे सुकायला लागले होते.

त्या दिवशी अक्षदा दोरे आणि अस्तर आणायला पोलादपूरला गेली होती. आबा नेहमीसारखे खुर्चीवर होते. कुठून तरी तीन-चार कुत्री आली, वाडीतली नव्हती. ती थेट जाळीवर धावली. जाळीला पंजे मारत, भुंकत तिच्याभोवती फिरायला लागली. आबा काठी घेऊन उठले, त्यांनी एकाच्या पाठीत काठी घातली, दगड मारले, ओरडले. कुत्री पळाली. जाळी कुठेच फाटली नव्हती. खुंट जसेच्या तसे होते.

सुंठी झापाखाली कोपऱ्यात होती. आबांना वाटलं, घाबरून बसलीय. त्यांनी हाक मारली, कोथिंबीर दाखवली. मग जाळं सोडवून हात आत घातला. अंग ऊन होतं, पण मान लुळी पडली.

त्यांनी तिला पंच्यात गुंडाळलं आणि शेजारच्या रितेशच्या रिक्षातून पोलादपूरला नेलं. वाटेतून रितेशने अक्षदाला फोन लावला. ती दवाखान्यात पोचली तेव्हा आबा बाकावर बसले होते आणि पंचा मांडीवर होता. डॉक्टरांचं बघून झालं होतं. जखम नाही, काही नाही, भीतीने काळीज थांबलं, ससा असाच जातो, असं ते म्हणाले.

"मी तिथंच होतो गो," आबा म्हणाले. "कुठं गेलो नाय. पाण्याला पण उठलो नाय."

अक्षदा त्यांच्यापाशी आली. तिने पंचा उचलला आणि छातीशी धरला.

सुनील आल्यावर संध्याकाळी सुंठीला बांधाच्या कडेला पुरायचं ठरलं. आबांनी कुदळ घेतली. अक्षदाने ती त्यांच्या हातातून काढून सुनीलच्या हातात दिली. आबा बाजूला सरकले. खड्डा होईपर्यंत ते तिथेच उभे होते, हात कुठे ठेवावे ते न कळल्यासारखे.

आबा महाडला परतले नाहीत. गुडघा बरा आहे, म्हणाले. अक्षदानेही आग्रह केला नाही.

माघात ती एकटीच कापड्याला गेली. आबा ओट्यावर होते, खंगलेले. समोर जाळी तशीच उभी होती. आतलं गवत वाळून पिवळं पडलं होतं. तिने चहा केला. दोघं प्यायले. मग आबांनी विचारलं, बहुधा कधीपासूनचं विचारायचं होतं.

"घरात ठेवली असती, तर जगली असती का?"

खोटं बोलावं असं अक्षदाच्या मनात आलं. पण त्यांनी तिच्याकडे सरळ पाहून विचारलं होतं.

"जगली असती, आबा. अजून तीन-चार वर्षं."

आबांनी मान हलवली.

"पण आणली मी," अक्षदा म्हणाली. "तुम्ही एकदाच बोललात. निर्णय माझा होता. आणि त्या दिवशी मी तुम्हाला हात लावू दिला नाही. ते मी फार वाईट केलं."

"तुझी होती ती," आबा म्हणाले. "माझ्यापाशी तरी काय होतं दुसरं?"

ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. दोघं रडले. निघताना ती म्हणाली, महाडला चला. त्या घरात आता कुणाशी बोलू, असं ते पुटपुटले, आणि मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, शिमगा झाला की येतो.

शिमगा झाला. ते आले नाहीत. सुनील सुट्टीच्या दिवशी कापड्याला जातो, अक्षदा त्यांच्यासाठी डबा करून देते. आबा जेवले का, एवढंच ती तो परत आल्यावर विचारते.