चुलीकडचे टोक

मित्रांनो, मी एक जुने बाकडे आहे. पोलादपूरला जिथे एक रस्ता महाबळेश्वराकडे चढतो आणि दुसरा गोव्याकडे जातो, तिथे एसटीच्या थांब्यासमोर काशीबाईची चहाची टपरी आहे. त्या टपरीच्या मागच्या अंगाला सध्या माझा मुक्काम असतो. माझ्यावर सरपण रचलेले आहे आणि माझ्याखाली एक कोंबडी अंडी घालते. माझी तक्रार नाही. कोंबडीला निदान सिनेमावर मत नसते.

मी स्वतः एकही सिनेमा पाहिलेला नाही. बाकड्याला कोण नेणार? तरीही पंधरा-सोळा वर्षांतल्या झाडून सगळ्या सिनेमांची मते माझ्या पाठीवरून गेली आहेत, आणि त्यातले एक मत मला अजून जड वाटते.

माझा जन्म सत्तर सालचा. वादळात पडलेल्या फणसाच्या एका फळीतून मला कापले. फळी लांब आणि पाय दोनच, म्हणून सुताराने पाय जरा आत घेऊन ठोकले. त्यामुळे माझी दोन्ही टोके पायांच्या बाहेर हातभर राहिली. काशीबाईने तेव्हाच विचारले होते, "सगळी एका टोकाला बसली तर दुसरं वर नाय का उचलायचं?" सुतार म्हणाला, "सगळी मान्सं एकाच टोकाला कशाला बसतील गो?" हा माणूस सुतार म्हणून चांगला होता, पण त्याला पोलादपूरची माणसे ठाऊक नव्हती.

गावात थिएटर नव्हते. रविवारी दुपारच्या गाडीने मंडळी महाडला जात, तीनचा खेळ पाहत आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. मुंबईत वर्षापूर्वी येऊन गेलेला सिनेमा महाडला नवा असायचा. सोमवारी सकाळी त्यावर माझ्या पाठीवर चर्चा व्हायची. ती इतकी रंगायची की चहा कोणी मागितला आणि कोणाला गेला याचा काशीबाईला पत्ता लागेना. शेवटी तिने नियम केला. ज्याला सिनेमा आवडला त्याने चुलीकडच्या टोकाला बसायचे, ज्याला नाही आवडला त्याने रस्त्याकडच्या टोकाला. मग तोंड बंद ठेवायचे आणि चहा प्यायचा. तोंड कोणी बंद ठेवले नाही, पण बसण्याची रीत मात्र पडली. येणारा-जाणारा नुसता माझ्याकडे पाहून ठरवायचा, पुढच्या रविवारी महाडला जायचे की नाही.

रस्त्याकडच्या टोकाचे राजे म्हणजे सहदेव कारकून. तालुक्याच्या कचेरीत नोकरी, इस्त्रीचा सदरा आणि तोंडाने फटकळ. सात-आठ वर्षांत ते चुलीकडे मोजून दोनदा बसले असतील. त्यांचे मत म्हणजे गावाला पंचनाम्यासारखे. एसटीत मेकॅनिक असलेला गोमाजी त्याच्या उलट. पडद्यावर घोडा दिसला की याला सिनेमा आवडला. दोघांचे वजन साधारण सारखे असल्यामुळे मी बहुतेक सोमवारी समतोल असे.

एक माणूस मात्र या नियमाच्या बाहेर होता. वरच्या वाडीवरचा हैबती. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सिनेमाशी त्याचा संबंध नव्हता. वाडीकडची गाडी समोरून सुटायची म्हणून तो रस्त्याकडच्या टोकाला काठी धरून बसायचा, आणि ते मत नव्हे हे सगळ्यांना माहीत होते.

हैबतीचा मुलगा सयाजी मुंबईला गेला त्याला दोन वर्षे झाली होती. तो शिमग्याला आला नाही, गणपतीला आला नाही. वाडीत लोक तोंडावर म्हणू लागले, पोरगा वाया गेला. मग अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर एक कार्ड आले. ते सहदेवांनीच माझ्यावर बसून मोठ्याने वाचले. सयाजीने लिहिले होते, मी सिनेमात काम करतो. अमुक सिनेमात वरातीत दिवटी घेऊन उभा आहे. महाडला लागला की बघा.

त्या दिवसापासून हैबती रोज वाडीवरून खाली उतरायचा आणि विचारायचा, "लागला काय?" वाडीतल्या प्रत्येकाला त्याने सांगून ठेवले होते, सिनेमा लागू दे, मग कळेल कोण वाया गेलंय ते. म्हाताऱ्याने आपली सगळी पत त्या दिवटीवर लावली होती. मला त्याची काळजी वाटायची. बाकड्याने काळजी करून काय होते, ते वेगळे.

माघात सिनेमा लागला. रविवारी दहाबारा जण महाडला गेले. सोमवारी सकाळी सगळे येऊन रस्त्याकडच्या टोकाला बसले, गोमाजीसुद्धा. चुलीकडचे माझे टोक वर आले. सहदेव रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, "कथा नाही, गाणी नाहीत. अडीच तासांत बघण्यासारखं काय होतं, तर मध्यंतर."

"आणि वरात?" काशीबाईने विचारले.

"वरातच नाय गो," गोमाजी म्हणाला. "लगीन कोर्टात व्हतं त्यात."

तेवढ्यात रस्ता ओलांडून हैबती आला. मंडळींनी त्याला त्याची जागा करून दिली. तो बसला, काठी गुडघ्यांत धरली आणि त्याने विचारले, "भाऊसाहेब, माझा सयाजी दिसला काय?"

चुलीवर चहा उतू गेला, तरी काशीबाईने भांडे उतरवले नाही. मी इतकी वर्षे सहदेवांचे वजन ओळखते. त्या क्षणी ते माझ्यावर अगदी अवघडून बसले होते.

"दिसला," सहदेव म्हणाले. "वरातीत. पुढच्याच रांगेत होता."

"लाल फेटा व्हता," गोमाजीने जोडून दिले.

"पांढरा," कोणीतरी म्हणाले.

"आधी लाल, मग पांढरा," सहदेव म्हणाले. "सिनेमात बदलतात."

हैबतीने काठी पुढे टेकवून तिच्यावर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाला, "मंग सिनेमा चांगला म्हनायचा."

"चांगला म्हणायचा," सहदेव म्हणाले. काशीबाई किटली हातात धरून त्यांच्याकडे बघत होती. नियम म्हणजे नियम. ते उठले आणि चुलीकडच्या टोकाला जाऊन बसले. त्यांच्यामागून गोमाजी गेला, मग एकेक करून सगळे गेले. दाटीवाटीने एकमेकांच्या मांडीवर रेलून बसले. आणि सुताराने जे होणार नाही म्हणून सांगितले होते ते झाले. माझे रस्त्याकडचे टोक उचलले आणि त्याच्यावर एकटा बसलेला हैबती चार बोटे वर गेला. त्याचे पाय जमिनीवरून सुटले. त्याने काठी घट्ट धरली.

गाडीचा भोंगा वाजला तसे सगळे उठू लागले. सहदेवांनी हात आडवा केला. "एकेक उठा," ते हळूच म्हणाले, "म्हातारा आपटेल." मग एकेक जण उठला आणि हैबती सावकाश खाली आला.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर बरे. पण सहदेव कारकून चुलीकडे बसले ही बातमी बाजारभर झाली. पुढच्या रविवारी उभ्या गावाने महाडची गाडी भरली. परत येताना गाडीत कारकुनाचा उद्धार झाला म्हणतात. पण सोमवारी सकाळी माझ्यावर हैबती बसलेला दिसला की येणारा प्रत्येक जण गुपचूप चुलीकडे जाऊन बसायचा आणि विचारल्यावर फेट्याचा रंग सांगायचा. निळाही सांगून झाला. इतका वाईट सिनेमा इतक्या लोकांना कधी आवडला नसेल. वाडीतली तोंडेही बंद झाली. माझा चुलीकडचा पाय मात्र खिळखिळा झाला.

शिमग्याला सयाजी आला. एसटीतून उतरला, बापाच्या पाया पडला आणि त्याच्या शेजारी बसला. काटकुळा झाला होता, हातांची बोटे पाण्याने पांढरी पडलेली. गोमाजी लांबूनच म्हणाला, "काय रे, फेटा खुलून दिसत व्हता तुला." आणखी दोघे-तिघे तसेच म्हणून गेले. सयाजी माझी कड बोटांनी दाबत होता. मला ते दुखले, बाकड्याला दुखते तेवढे.

"बाबा," तो खाली मान घालून म्हणाला, "मी नव्हतो त्यात. मी स्टुडिओच्या कँटीनमध्ये कपबश्या धुतो. वरातीचं लोक बोलत होते ते ऐकलं, नि लिहून टाकलं. यायला तोंड नव्हतं."

"म्हायती हाय," हैबती म्हणाला.

"कोन बोललं?"

"कोन नाय बोललं. माझं डोळं गेलं, कान नाय गेलं. त्या दिशी रस्ता वलांडताना भाऊसाहेब सिनेमाला शिव्या घालत व्हतं, ते मी ऐकलं. गोमाजी वरात नाय म्हनाला, ते बी ऐकलं. नि मी बसल्यावर समदी उठून तिकडं गेली. मी वर उचाललो रे. तवाच कळलं, ह्यांच्यातल्या कुनीच तुला बघलेला नाय."

सयाजीच्या डोळ्यांतून पाणी आले. "मंग तुमी बोलला का नाय?"

"काय बोलू? दोन वरसं तुझं नाव कुनी चांगलं घेतलं नव्हतं. त्या दिशी समद्यांनी घेतलं. मी ऐकत बसलो."

काशीबाईने दोघांना चहा दिला. चहा झाल्यावर सयाजी उठला. माझ्यावर आणि इकडेतिकडे पडलेले रिकामे पेले त्याने एका हाताच्या बोटांत उचलले, एकदम सहा, आणि मागे जाऊन धुऊ लागला. कोणी सांगितले नव्हते. हैबती त्या पेल्यांची किणकिण कान देऊन ऐकत होता. सगळे पेले धुऊन होईपर्यंत त्याने ऐकले. मग तो उठला, काठी टेकत माझ्या कडेकडेने चालत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच चुलीकडच्या टोकाला बसला. काशीबाईने पदराने डोळे पुसले आणि चुलीतल्या धुराला नावे ठेवली.

जाण्याआधी सयाजीने माझ्या सैल पायात एक पाचर मारून दिली. तो परत कँटीनमध्येच गेला, पण त्याची कार्डे येऊ लागली आणि त्यांत कपबश्याच असत. सहदेवांनी ती त्याच ठसक्यात वाचली.

पुढे गावात व्हिडिओ आले, मग टीव्ही आला. लोक घरीच पाहतात आणि घरीच मत देतात. टपरीत खुर्च्या आल्या, मला मागे टाकले. मित्रांनो, मला पुढे आणून बसवा, तेलपाणी करा, असे माझे म्हणणे नाही. पाचर अजून घट्ट आहे. पण कुठल्याही बाकड्यावर बसून मत देणार असाल, तर पलीकडच्या टोकाला कोण बसले आहे ते एकदा पाहून घ्या. आणि उठताना एकेक उठा.